‘हरकत नाही’ अशी नोंद होण्यापूर्वी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा, मालमत्तेच्या व्यवहारांच्या नोटिसा आणि नावात बदल केल्याच्या जाहिराती यांच्या गर्दीत कधी तरी एक चौकट येते. तिचा मथळा बहुधा ‘पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी’ असा असतो आणि अक्षर इतके बारीक असते की वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते. त्या चौकटीत गावाचे नाव, गट क्रमांक, प्रकल्पाचा प्रकार, हेक्टरांमधले क्षेत्र आणि सुनावणीची तारीख दिलेली असते. एखाद्या डोंगराचे, पाणथळीचे किंवा माळरानाचे पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे भवितव्य ज्या प्रक्रियेत ठरते, तिच्यात सामान्य नागरिकाला कायद्याने दिलेली जागा त्या चौकटीपासून सुरू होते आणि ती फार काळ उघडी राहत नाही.

‘हरकत नाही’ हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, आणि त्यात समजूतदारपणाच असतो. सरकारी फायलीत मात्र त्यांना वेगळे वजन आहे. मुदतीत कोणी काही बोलले नाही, तर ‘हरकती प्राप्त झाल्या नाहीत’ अशी एक ओळ लिहिली जाते आणि शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या समितीच्या दृष्टीने त्या जागेबद्दल कोणाचेही काही म्हणणे नव्हते, असा तिचा अर्थ होतो. जंगलासाठी आणि वन्यजीवांसाठी नागरिकांनी बोलले पाहिजे, हे आवाहन आपण वारंवार ऐकतो. ते योग्यच आहे. पण कुठे, कधी आणि कोणत्या शब्दांत बोलायचे आणि बोललेले कागदावर कसे उतरवून घ्यायचे, हे माहीत नसेल तर कळकळ खरी असूनही निर्णयापर्यंत पोहोचत नाही. निर्णय घेणारी समिती आणि पुढे न्यायालय, दोघेही प्रामुख्याने फायलीत जे आहे तेच पाहतात. म्हणून हरकत म्हणजे मुळात एक नोंद आहे, असे धरून हा विषय समजून घ्यावा.

अधिकाराचे मूळ

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन तरतुदी आल्या. अनुच्छेद ४८-क ने वने आणि वन्यजीव यांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली, तर अनुच्छेद ५१-क (छ) ने वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीवसृष्टी यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. गंमत अशी की, हे कर्तव्य शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापलेले असते आणि ते बजावायला निघालेल्या माणसाला ‘तुमचा संबंध काय?’ असे विचारले जाते. त्या प्रश्नाचे पहिले उत्तर हेच आहे.

प्रत्यक्ष प्रक्रिया मात्र वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहे. अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने आणि शिकारबंदी यांसाठी १९७२चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आहे. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची असेल तर १९८०चा वन संवर्धन कायदा लागू होतो, ज्याचे नाव २०२३च्या दुरुस्तीने बदलले. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीचा आधार १९८६चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आहे, आणि वनवासी समाजांच्या हक्कांसाठी २००६चा वनहक्क कायदा. एकाच खाणीला या चारही कायद्यांखालच्या परवानग्या लागू शकतात. प्रत्येक परवानगीचे दार वेगळे, मुदत वेगळी, अधिकारी वेगळा. नागरिकांची बरीचशी शक्ती चुकीचे दार ठोठावण्यात वाया जाते. वनजमिनीची हरकत प्रदूषण मंडळाकडे जाते, अभयारण्याची तक्रार तहसीलदाराकडे, आणि दोन्हींवर ‘आमच्या कार्यक्षेत्रात नाही’ असा शेरा पडतो.

जनसुनावणी: मांडवात काय घडते

यांपैकी सर्वांत रुंद दार जनसुनावणीचे आहे. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार खाणी, धरणे, औष्णिक वीजप्रकल्प, बंदरे, मोठे महामार्ग अशा प्रकल्पांना काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि त्यासाठी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा अहवाल तयार करावा लागतो. हा अहवाल प्रकल्प उभारणारी कंपनीच सल्लागार नेमून आणि त्याचे शुल्क भरून तयार करून घेते. परवानगी मागणाऱ्यानेच आपल्या परीक्षेचा पेपर तपासणारा नेमावा, तसा हा प्रकार आहे आणि माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. तो दुवा सांभाळायला जी सोय ठेवली आहे, ती म्हणजे जनसुनावणी.

सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी असावा लागतो. एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी लागते. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना पाहण्यासाठी ठेवला जातो आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मूळ अहवाल सहसा इंग्रजीत आणि शेकडो पानांचा असतो, तर मराठी सारांश काही पानांचा. सारांशात रोजगाराचे आकडे ठळक असतात आणि ओढे, झाडे, प्राणी यांच्याबद्दल ‘कोणताही लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही’ हे वाक्य असते. म्हणून सारांशावर थांबू नये. कार्यालयात जाऊन मूळ अहवालातले जैवविविधतेचे प्रकरण, नकाशे आणि परिशिष्टे तेवढी पाहावीत. तेवढ्यानेही पुष्कळ कळते.

प्रत्यक्ष सुनावणीचे चित्रीकरण होते आणि उपस्थितांपैकी कोणालाही प्रश्न विचारण्याचा, खुलासा मागण्याचा अधिकार असतो. उपस्थितीची किमान संख्या ठरवलेली नाही, त्यामुळे मांडव रिकामा राहिला तरी सुनावणी झाली असेच मानले जाते. बहिष्कार घालून निषेध नोंदवला, असे समजणाऱ्या गावांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ज्यांना येणे शक्य नाही, पण प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांशी ज्यांचा सयुक्तिक संबंध आहे, ते मंडळाकडे लेखी म्हणणे पाठवू शकतात. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा शेतकरी, त्या माळावर वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा शिक्षक, त्या भागात संशोधन केलेली विद्यार्थिनी असे लोक या व्याख्येत बसतात.

आता त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा भाग. सुनावणीच्या अखेरीस कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत सर्वांसमोर वाचून दाखवावा आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करावी, असे अधिसूचना सांगते. बहुतेक लोक आपले बोलणे झाले की उन्हाला कंटाळून घरी जातात. पण भाषण कितीही परखड झाले तरी ते इतिवृत्तात ‘ग्रामस्थांनी पर्यावरणाबाबत चिंता व्यक्त केली’ एवढ्या एका ओळीत मावू शकते. गोषवारा वाचला जाईपर्यंत थांबून ‘माझा पाणवठ्याबद्दलचा मुद्दा यात आलेला नाही, तो घ्यावा’ असे म्हणणारा एकच माणूस दहा वक्त्यांपेक्षा अधिक काम करतो. बोललेला मुद्दा लेखीही द्यावा आणि प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा.

जनसुनावणी हे मतदान नाही. नऊशे लोक विरोधात आणि शंभर बाजूने असले, तरी प्रकल्प आपोआप नामंजूर होत नाही. हे कळल्यावर अनेकांचा उत्साह ओसरतो. पण मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ मूल्यमापन समितीला प्रत्येक मुद्द्याचा विचार करावाच लागतो. गोव्यातील एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की, सुनावणीत आलेल्या हरकती समितीने तपासल्या पाहिजेत आणि त्या का स्वीकारल्या किंवा का नाकारल्या याची कारणे दिली पाहिजेत. म्हणजे उत्तर देता येईल असा मुद्दा मांडला, तर उत्तर देणे बंधनकारक होते. जिथे मुद्दाच नाही, तिथे उत्तराचा प्रश्नच येत नाही.

सर्वच प्रकल्पांना जनसुनावणी लागते असेही नाही. अधिसूचित औद्योगिक क्षेत्रातले प्रकल्प, इमारती व नगरवसाहती, जास्तीची जमीन न घेता होणारे रस्त्यांचे रुंदीकरण यांना सूट आहे. अशा वेळी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर प्रस्तावाची कागदपत्रे पाहून थेट मूल्यमापन समितीला लिहावे, हा मार्ग उरतो.

अहवालात काय शोधायचे

अहवालातील प्राण्या-वनस्पतींची यादी बहुधा प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटर त्रिज्येच्या परिसरासाठी केलेली असते आणि ती अनेकदा एकाच ऋतूच्या, पावसाळा वगळून केलेल्या पाहणीवर आधारलेली असते. यात काय निसटते हे समजण्यासाठी कोकणातला एखादा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार, डोळ्यांसमोर आणावा. मार्च महिन्यात तिथे गेलेल्या माणसाला काळाकभिन्न जांभा, वाळलेले गवत आणि तापलेली हवा यांशिवाय काही दिसणार नाही. तो प्रामाणिकपणे ‘ओसाड खडकाळ जमीन’ असे लिहील. त्याच सड्यावर जून-जुलैत पाण्याची डबकी भरतात, बेडकांची अंडी आणि पिल्ले त्यांत वाढतात, दगडाखाली देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर सापडतो आणि ऑगस्टनंतर सगळा कातळ फुलांनी झाकला जातो. यांपैकी अनेक वनस्पती आणि उभयचर जगात फक्त पश्चिम घाटात आढळतात. पाहणी खोटी नसते. ती चुकीच्या महिन्यात केलेली असते. हे फक्त तिथे राहणारा किंवा तिथे वारंवार जाणारा माणूसच सांगू शकतो.

शब्दांकडेही लक्ष द्यावे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातली गवताळ माळराने महसुली दप्तरात आणि प्रकल्प अहवालांत ‘पडीक’ म्हणून येतात. लांडगा, चिंकारा, खोकड, माळटिटवी, धाविक या प्राण्या-पक्ष्यांचे ते घर आहे; त्यांना दाट झाडी नकोच असते. ‘पडीक’ हा शब्द एकदा मान्य झाला की पुढे नुकसान मोजायला काही शिल्लकच राहत नाही.

आणि कधी कधी अहवाल सरळ उचललेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आल्याचे काही वर्षांपूर्वी उघड झाले होते. थंड प्रदेशातल्या वृक्षांची वर्णने कोकणाच्या नावावर खपवलेली होती. हे पकडायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. अहवाल उघडून वाचणारे कोणी तरी लागते.

माहिती दडवणे ही गोष्ट न्यायालये किती गांभीर्याने घेतात, याचे उदाहरण गोव्यातील मोपा विमानतळाचे आहे. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या या प्रकल्पाच्या अर्जात परिसरातील वने आणि संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती नीट उघड केली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित करून प्रकरण पुन्हा तज्ज्ञ समितीकडे पाठवले. जानेवारी २०२०मध्ये अधिक अटींसह स्थगिती उठली आणि विमानतळ उभा राहिला. कोणी याला पराभव म्हणेल; पण त्या वाढीव अटी हरकतीशिवाय आल्या नसत्या.

हरकत कशी लिहावी

समजा, एका माळरानावर दगडखाणीचा प्रस्ताव आहे. एक नागरिक लिहितो: ‘आमच्या भागातील निसर्ग अतिशय सुंदर असून या प्रकल्पामुळे वन्यजीवांचे अपरिमित नुकसान होणार आहे. तरी प्रकल्प रद्द करावा, ही नम्र विनंती.’ यातला शब्दन् शब्द खरा असू शकतो. पण त्याला कंपनीचे उत्तर तयारच असते: ‘आवश्यक त्या सर्व उपाययोजना करण्यात येतील.’ मुद्दा तिथेच मिटतो.

दुसरा नागरिक लिहितो: ‘मसुदा अहवालातील सस्तन प्राण्यांच्या यादीत लांडग्याचा उल्लेख नाही. प्रस्तावित खाणीच्या पूर्वेकडील ओढ्याकाठी गेल्या जानेवारी व फेब्रुवारीत मी तीन वेळा लांडगे पाहिले असून तारखा, नकाशा आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. याच गावात लांडग्याने मेंढ्या मारल्याबद्दल वनविभागाने केलेल्या पंचनाम्यांच्या प्रतीही जोडल्या आहेत. लांडगा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची एकमधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. तरी सर्व ऋतूंमध्ये फेरपाहणी करून अनुसूची एकमधील प्राण्यांसाठी संवर्धन आराखडा सादर होईपर्यंत प्रस्तावावर निर्णय घेऊ नये.’

या दुसऱ्या हरकतीतला पंचनामा फार मोलाचा आहे. मेंढपाळाने नुकसानभरपाईसाठी केलेला अर्ज, वनरक्षकाने मोजलेले ठसे, त्यावरची सही आणि मंजूर झालेली रक्कम हा सगळा सरकारचाच पुरावा असतो. एका खात्याने लांडग्यामुळे भरपाई द्यायची आणि दुसऱ्या खात्यापुढे त्याच गावात लांडगा नाही असे म्हणायचे, हे समितीसमोर टिकत नाही. हे पंचनामे, वैशाखी पौर्णिमेच्या पाणवठ्यावरील गणनेच्या नोंदी, वनविभागाच्या कार्य आयोजनेतली (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यातली) माहिती हे सारे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि सुनावणीची मुदतही तेवढीच असते, म्हणून सूचना दिसली त्याच दिवशी अर्ज टाकावा.

एक सावधगिरी. खवले मांजराचे बीळ, गिधाडांची घरटी, घुबडाची ढोली अशा जागांचे अचूक अक्षांश-रेखांश हरकतीत लिहू नयेत. हरकत हा सार्वजनिक दस्तऐवज असतो आणि तो शिकारी व तस्करही वाचू शकतात. ‘प्रकल्प क्षेत्राच्या आत आढळ आहे, नेमके ठिकाण वनाधिकाऱ्यांना स्वतंत्रपणे दाखवण्यास तयार आहे’ एवढे पुरेसे असते.

संरक्षणाच्या बाजूनेही लिहावे लागते

हरकत म्हटले की नकार डोळ्यांसमोर येतो. पण सरकार जेव्हा एखादे क्षेत्र संरक्षित करू पाहते, तेव्हाही मसुदा अधिसूचना काढून लोकांचे म्हणणे मागवते. अभयारण्यांभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनच्या (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्ट्यांच्या) मसुद्यांवर म्हणणे देण्यास राजपत्राची प्रत उपलब्ध झाल्यापासून साठ दिवस मिळतात. अशा मसुद्यावर ज्यांची जमीन, खाण किंवा बांधकाम अडते ते हिरिरीने लिहितात, तर ज्यांना तो मसुदा हवा असतो ते ‘चांगले झाले’ म्हणून गप्प बसतात. मग मंत्रालयाच्या टेबलावर एकाच बाजूचा ढीग जमतो. पश्चिम घाटाचे उदाहरण समोर आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ साली अहवाल दिला, कस्तुरीरंगन गटाने २०१३ साली, संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४मध्ये निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. त्या सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतले सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र होते आणि त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर. दहा वर्षांत सहा मसुदे निघावेत, यावरून विरोधाचा जोर आणि समर्थनाची शांतता दोन्ही दिसतात. समर्थनाचे पत्रही ‘सूचना’ म्हणून नोंदले जाते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

नियम बदलण्याच्या मसुद्यांनाही हेच लागू आहे. २०२०मध्ये पर्यावरण मंजुरीच्या नव्या नियमांचा मसुदा आला. त्यात जनसुनावणीसाठीची तीस दिवसांची मुदत वीसवर आणण्याचा प्रस्ताव होता. टाळेबंदीच्या काळात, मोजक्या भाषांत निघालेल्या या मसुद्याची मुदत दिल्ली उच्च न्यायालयाने ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतरित करण्याचा आदेश दिला. लाखोंच्या संख्येने प्रतिक्रिया गेल्या. तो मसुदा अंतिम झाला नाही. तीस दिवस अजूनही तीसच आहेत.

ग्रामसभेचे दार

वनहक्क कायद्याखाली गावाला आपले सामूहिक वनस्रोत राखण्याचा, पुनरुज्जीवित करण्याचा आणि त्यांचे व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. ओडिशातील नियमगिरी पर्वतावरच्या बॉक्साइट खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांनी निर्णय घ्यावा असे सांगितले. जुलै-ऑगस्टमध्ये बारा ग्रामसभा झाल्या आणि तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी व इतर ग्रामस्थांनी बाराही ठिकाणी खाण नाकारली. जानेवारी २०१४मध्ये केंद्राने परवानगी फेटाळली.

इथे शहरी निसर्गप्रेमींना एक गोष्ट सांगावीशी वाटते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचे पीक रानडुक्कर खाते, त्याची शेळी बिबट्या नेतो. त्याच्या गावात जाऊन वाघाचे महत्त्व पटवून देण्यापेक्षा त्याचा भरपाईचा अर्ज भरायला मदत करणे वन्यजीवांसाठीही अधिक उपयोगाचे आहे. त्याच्या डोक्यावरून बोललेली हरकत मांडवातच उलटते, आणि उलटलीच पाहिजे. या कायद्यातली ग्रामसभा वैध ठरायला किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. ठरावाची प्रत पाहताना आधी सह्यांची संख्या मोजावी.

जिथे मांडव नसतो

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्पातून रस्ता, कालवा, वीजवाहिनी न्यायची असेल तर प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळाकडे आणि मग राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे जातो. राज्य मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, तर राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. या मंजुरीसाठी जनसुनावणीची तरतूदच नाही. सर्वांत नाजूक जागांबद्दलचा निर्णय सर्वांत बंद खोलीत व्हावा, ही मला या साऱ्या रचनेतली मोठी विसंगती वाटते. बैठकीची विषयपत्रिका ‘परिवेश’वर येते. ती पाहून मंडळाच्या अशासकीय सदस्यांना आणि मंडळावर असलेल्या आमदार-खासदारांना बैठकीपूर्वी दोन पानांचे मुद्देसूद टिपण पाठवणे एवढेच हाती असते, आणि ते जरूर करावे.

न्यायालयात जाताना मुदत सांभाळावी लागते. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करावे लागते. समाधानकारक कारण दिल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. नव्वदावा दिवस उलटला की दार बंद होते. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. पण वन्यजीव अधिनियम या न्यायाधिकरणाच्या कक्षेत दिलेल्या सात कायद्यांत नाही. म्हणून निव्वळ त्या कायद्याखालच्या प्रश्नासाठी उच्च न्यायालय गाठावे लागते. शिकारीसारख्या गुन्ह्यात सरकार हालत नसेल, तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक स्वतः न्यायालयात फिर्याद देऊ शकतो, अशी सोय त्याच अधिनियमाच्या कलम ५५मध्ये आहे.

संख्या आणि वजन

मुंबईतील आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडण्याच्या किंवा हलवण्याच्या प्रस्तावावर महापालिकेकडे ८० हजारांहून अधिक हरकती गेल्या होत्या. वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९मध्ये तरीही मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका पत्राची दखल घेऊन तोड थांबवली तेव्हा २,१४१ झाडे पडलेली होती. पुढे आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचे सरकारने जाहीर केले, आणि कारशेड अखेर आरेतच झाली. या एका प्रकरणात नागरिकांच्या आवाजाची ताकद आणि मर्यादा दोन्ही इतक्या गुंतलेल्या आहेत की, ‘जिंकलो’ किंवा ‘हरलो’ असे एका शब्दात सांगता येत नाही.

त्या मानाने नागपूर-शिवनी महामार्गाची गोष्ट कमी गाजली. पेंच आणि कान्हा यांना जोडणाऱ्या वाघांच्या भ्रमणमार्गातून हा रस्ता चौपदरी होणार होता. वन्यजीव अभ्यासक आणि संस्था वर्षानुवर्षे कागदपत्रे घेऊन भांडल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता उचलून त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवावे लागले. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. २०१९मध्ये तिथे लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी त्या मार्गांतून ये-जा करताना टिपले गेले. त्यांत वाघही आहेत. डोक्यावरून मालमोटारी धडधडत असताना खांबांमधल्या सावलीतून शांतपणे चालत जाणारे. रस्ता थांबला नाही, आणि तो थांबवा असे म्हणून चाललेही नसते. ‘इथे, इतक्या लांबीचा, इतक्या उंचीचा मार्ग द्या’ असे नेमके मागता आले, म्हणून ते मिळाले.

मंजुरीनंतरचे काम

मंजुरी मिळाली की आपले काम संपले असे समजून बहुतेक जण फाइल बांधून ठेवतात. मंजुरीपत्रात मात्र क्रमांक घातलेल्या अटी असतात: ओढ्यापासून अमुक अंतर सोडावे, रात्री वाहतूक करू नये, कुंपणात प्राण्यांसाठी मोकळी जागा ठेवावी. त्या पाळल्याचा अहवाल प्रकल्पधारकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि हे अहवाल सार्वजनिक असतात. त्यांत प्रत्येक अटीपुढे बहुधा ‘पालन करण्यात येत आहे’ असेच लिहिलेले असते. ‘रात्री वाहतूक करू नये’ या अटीपुढेही तेच लिहिलेले असते आणि त्याच रस्त्यावर रात्री अकरा वाजता खडीचे डंपर सुसाट जात असतात. अशा वेळी तारीख व वेळ दिसेल असे छायाचित्र, अहवालाच्या त्या पानाची प्रत आणि अटीचा क्रमांक एवढेच एका पत्राला जोडून ते केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावे. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नये.